मंगळवार, संध्याकाळी साडेसहा

वादी कबीरच्या मागचा डोंगर
दिवसभर ऊन पितो
आणि संध्याकाळी ते परत करतो आमच्या भिंतीला.
केंद्रातला एसी धापा टाकत असतो.
मंगळवारी मी टेबलावर दोन कप मांडते, फायली काढते,
आणि माझी माणसं एकेक करून आत येतात:
हमूद, इब्तिसाम, मग थुशारा.
पोरांना सांभाळणारी ही तिघं.
त्यांना सांभाळणारी मी.
मला कोण, असा रकाना फॉर्मात नाही.

त्या मंगळवारी हमूद
दिश्दाशाची बाही चाळवत बसला होता.
म्हणाला, शिहाब गुरुवारी जातोय.
बापाची नोकरी गेली, व्हिसा संपला.
पंधरा वर्षांचं पोर, जन्म इथला,
आणि "परत" जायचंय अशा गावी
जिथे ते फक्त सुट्टीपुरतं पाहुणं होतं.
मॅचनंतर माझ्या गाडीत येऊन बसला, मॅडम.
अर्धा तास. मी काहीच बोललो नाही.
मैदानाचे दिवे मालवले, तरी आम्ही तसेच.

मी म्हणाले, समुपदेशकाकडे पाठव.
चार नंबरचा फॉर्म भर.
छोटासा निरोप ठेव, केक वगैरे.
आणि हो, एकट्या मुलाला गाडीत बसवायचं नाही,
नियम आहे.
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
हमूदने सगळं लिहून घेतलं.
अक्षर फार सुवाच्य होतं.
त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

वेंगुर्ल्याला बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.
गिऱ्हाईक सांगायचं, मागे पडतंय,
पाण्यात पडलं, जावयाने दिलेलं आहे, जपून.
बाबा मान डोलवायचे
आणि आधी घड्याळ कानाशी न्यायचे.
स्क्रूड्रायव्हर नंतर. बराच नंतर.
अहो, उघडा तरी, म्हणून लोक वैतागायचे.
बावीस वर्षं मी मस्कतमध्ये शिकवतेय, आधी ऐका,
प्रशिक्षणाच्या पडद्यावर, ठळक अक्षरांत;
आणि कळतं पण वळत नाही
ही म्हण रोज माझ्याच घरी जेवायला असते.

भांडी विसळताना लक्षात आलं,
हमूदने विचारलंच नव्हतं, काय करू.
तो सांगत होता, अर्धा तास किती जड असतो.

पुढच्या मंगळवारी मी माझी खुर्ची
टेबलाच्या पलीकडून अलीकडे ओढली.
केवढी करकरली.
म्हटलं, गेल्या वेळी मी घाई केली.
तो म्हणाला, माहितेय.
म्हणून आज लबन आणलंय,
आधी थंड प्या, मग बोला.
दोघंही हसलो.
मग वही न उघडताच त्याने विचारलं,
तुमची मुलं जायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?

खालच्या कप्प्यात जुनी रजिस्टरं आहेत.
दर जूनमध्ये मी पट्टी धरून
गेलेल्यांच्या नावांवर लाल रेघ मारत आलेय.
सरळ. एकही वाकडी नाही.
मला त्या रेघांचा अभिमान होता.

हमूद रेघेखालचं एक नाव
बोटाने वाचू लागला. प्रा... प्राज...
प्राजक्त, मी म्हटलं.
बुद्धिबळात रडीचा डाव खेळायचा.
विमानतळावर जाताना त्याने टॅक्सी
केंद्राच्या दाराशी थांबवायला लावली होती.
मी मीटिंगमध्ये होते.
मीटिंग कशाची होती, तेही आठवत नाही.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
मलाही नाही.

हमूद काही बोलला नाही.
या वेळी मला त्याचं न बोलणं
काम म्हणून दिसलं,
हातातलं, अवघड, नीट चाललेलं काम.
एसी बंद पडला होता की थांबला होता, कोण जाणे.
लबनच्या बाटलीवरचं पाणी ओघळत
चार नंबरच्या फॉर्मपर्यंत पोचलं.

दारावर टकटक. इब्तिसामची वेळ झाली होती.
पाच मिनिटं, मी आतून म्हटलं.
आणि चक्क घेतली.